पंडुमाआधीचं कणीस

"भात कुठून येतो?" असं मी आठवीच्या वर्गाला विचारलं तेव्हा पहिलं उत्तर आलं, "ट्रकातून."

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं लगेच दुरुस्ती केली, "ट्रक एटापल्लीतून येते, मॅडम. त्याच्या आधी कुठून येते ते नाई माहीत."

मला राग आला. मुलांचा नव्हे. या मुलांच्या घरी धान होतं, कोसरीचं बारीक भरडधान्य होतं, परसात मका आणि वाल होता. सुट्टीहून परत येताना त्यांच्या नखांत चिखल असायचा. पण सहा वर्षांची असताना त्यांना जंगलातल्या गावांतून उचलून या आश्रमशाळेत आणून ठेवलं होतं, आणि तेव्हापासून त्यांच्या ताटातला भात शिवलेल्या पोत्यांतून येत होता. मी शाळेतल्या भाताबद्दल विचारतेय असं त्यांना वाटलं. त्या अर्थानं उत्तर बरोबरच होतं. पुस्तकात मात्र एक चित्र होतं: शेत, मळणी, गिरणी, दुकान, ताट, आणि मधे बाण. मी ते पुस्तक मिटून टेबलावर आपटलं. तेव्हा मी बऱ्याच गोष्टी आपटत असे.

मी पत्रकांवर वाढले आहे. हे कौतुक म्हणून सांगत नाही, पुढचं समजायला ते लागेल म्हणून सांगते. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यातलं. वडील दुसऱ्यांच्या शेतात धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला जायचे आणि परत आले की पत्रकं लिहायचे. तालुक्याच्या छापखान्यात ती पिवळ्या, गुलाबी, पातळ कागदावर छापून यायची. त्यांच्या घड्या घालायचं काम माझं. अंकलिपीच्या आधी मी पत्रकं वाचायला शिकले. 'कष्ट तुमचे, देव कुणाचा?' हे मी वाचलेलं पहिलं वाक्य असावं. आम्ही बौद्ध. घराच्या भिंतीवर दीक्षेच्या प्रतिज्ञा लावलेल्या होत्या आणि त्यांतला एकही शब्द आमच्याकडे शोभेचा नव्हता. अन्न माणसाच्या श्रमातून येतं, त्याच्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही, हे मला पाढ्यांसारखं येत होतं.

शाळेत नोकरी लागून मला दुसरं वर्ष होतं. बाकीचे शिक्षक शनिवारी दुपारी मोटारसायकली काढून आलापल्लीकडे आपापल्या घरी जायचे ते सोमवारी सकाळी उगवायचे. मी क्वार्टरमध्ये राहायचे. मुलं आपसात माडिया बोलायची. मी जवळ गेले की बोलणं थांबायचं, मग कुणीतरी मराठीत "नमस्ते मॅडम" म्हणायचं. माझ्याशी बोलायचं तर त्यांना भाषा बदलावी लागे, आणि भाषा बदलली की चेहराही बदलायचा. रविवारी दुपारी मी स्वतःसाठी भात लावायचे, आणि कुकरची शिट्टी झाली की कुणीतरी आपल्याला हाक मारली असं वाटायचं.

माझ्या पायरीवर येऊन बसणारी एकच होती. ती मागच्या बाकावरची मुलगी, जिला ट्रकाच्या आधीचं माहीत नव्हतं. उंच, हडकुळी, कमी बोलणारी. तिला वाचायचं व्यसन होतं. शाळेच्या कपाटातली पुस्तकं तिनं सहावीतच संपवली होती. मग ती औषधाच्या खोक्यांवरचं वाचायची, खताच्या पिशव्यांवरचं वाचायची. एकदा माझ्या पेटीत खाली अंथरलेली वडिलांची जुनी पत्रकं तिला दिसली.

"हे तुमच्या बाबानं लिहिलं?"

"हो."

"एवढं सगळं?"

"अजून आहेत घरी."

ती रोज चार वाजता यायची, पायरीवर बसून एक पत्रक वाचायची, नीट घडी घालून परत द्यायची. काही विचारायची नाही. पण एक दिवस तिनं वहीच्या पानावर स्वतःचं एक पत्रक लिहून आणलं. शीर्षक होतं 'मुलींना अंघोळीला गरम पाणी द्या!' शेवटी उद्गारचिन्ह. मी ते पान अजून जपून ठेवलं आहे. दहावी, मग बारावी, मग चंद्रपूरला कॉलेज, असं तिचं सगळं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. तिला विचारलं नव्हतं.

त्या पावसाळ्यात परसबागेचं परिपत्रक आलं. प्रत्येक शाळेनं भाजीपाला लावावा, विद्यार्थ्यांना अन्न कुठून येतं हे कळावं, आणि फोटो पाठवावेत. मुख्याध्यापकांना फोटो हवे होते. मला बाकीचं सगळं हवं होतं. मुलींच्या वसतिगृहामागची जागा आम्ही खणली. मी दोरी लावून सरळ ओळी आखत होते, तोवर ती मुलगी टोकदार काठीनं कुंपणाच्या कडेकडेनं भोकं पाडत मका टोचून मोकळी झाली. मक्याच्या बुडाशी वाल, म्हणजे वेलाला चढायला ताटं मिळतात. माझ्या दोरीकडे पाहून सगळ्या हसल्या आणि मीही हसले. ते दिवस चांगले होते, हे मला सांगितलंच पाहिजे. हातात कुदळ असली की कुणाला मराठी बोलायची गरज पडत नव्हती, आणि मी त्यांच्यात आहे हे त्या काही वेळ विसरायच्या. रानडुकरं येऊ नयेत म्हणून त्यांनी रिकामे डबे दोरीला बांधले. पोपट उडवायला पाळ्या लावल्या.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात कणसं भरली. नखानं दाबलं की दूध यायचं. शनिवारी दुपारी मी दहाबारा कणसं तोडली, तीन दगडांची चूल मांडली, मीठ-तिखट कालवून ठेवलं, आणि मुलींना बोलावलं. त्या आल्या, पण चुलीपासून लांब, अर्धगोल करून उभ्या राहिल्या. भाजलेल्या कणसाचा वास सुटला होता. मी पहिलं कणीस स्वतः खाल्लं, दुसरं पुढे केलं.

"घ्या ना."

कुणी हात पुढे केला नाही.

"काऊन? उपास आहे का?" मी त्यांच्या ढंगाच्या मराठीत विचारलं.

एक लहानशी मुलगी तोंडावर हात ठेवून म्हणाली, "पंडुम नाई झाला, मॅडम."

पंडुम म्हणजे काय हे मला ऐकून माहीत होतं. नवं पीक आलं की गावाची पूजा होते, गायता म्हणजे गावाचा पुजारी दिवस ठरवतो, आणि ती होईपर्यंत गावातलं कुणीही नव्या पिकातलं काही तोंडात घालत नाही. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. माहीत होतं, पण ते गावात. शाळेच्या आवारात, आम्ही खणलेल्या जमिनीत ते येईल असं मला वाटलं नव्हतं.

"मेसमधला भात खाता तो? तो कुणाच्या पंडुमाचा?"

"तो पोत्यातला आहे, मॅडम," दुसरी म्हणाली. सगळ्यांना ते पटलं.

मग मी बोलले. काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण त्यातला एकही शब्द माझा नव्हता. जमीन कुणी खणली? तुम्ही. पाणी कुणी घातलं? तुम्ही. डुकरं कुणी हाकलली? तुम्ही. मग हे खायला परवानगी कुणाची हवी? पत्रक वाचावं तसं मी बोलत होते, आणि अर्धगोल हळूहळू मागे सरकत होता. मला ते दिसत होतं. तेव्हा मी पत्रकं वाचणाऱ्या त्या मुलीकडे वळले आणि कणीस तिच्यासमोर धरलं.

"तू तर सगळं वाचलंयस," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग कणीस घेतलं आणि खाल्लं. मीठ लावलं नाही. बसली नाही. उभ्या उभ्या, कुणाकडे न बघता, एकेक ओळ करत तिनं ते पूर्ण खाल्लं. दाणे संपलेलं बुरकंड हातात धरून थोडा वेळ उभी राहिली, मग ते चुलीत टाकलं आणि वसतिगृहात निघून गेली. त्या दिवशी चार वाजता ती आली नाही.

मला मात्र जिंकल्यासारखं वाटत होतं. रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळच्या उंचवट्यावर यायची. तिथं जाऊन मी वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "शाब्बास पोरी! एक जरी उठली तरी लय झालं."

तिच्या गावच्या आणखी दोघी आमच्या शाळेत होत्या. त्यांनी त्या रात्रीपासून आपली अंथरुणं उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेली, हे मला कामाठी बाईंनी नंतर सांगितलं. कामाठी बाई म्हणजे आमच्याकडे स्वयंपाक आणि मुलींची देखभाल करणाऱ्या. पन्नाशीच्या, माडिया आणि मराठी दोन्ही सारख्याच ठसक्यात बोलणाऱ्या. पोळ्याच्या सुट्टीला मुलं गावी गेली. सुट्टी संपून सगळी परत आली. ती आली नाही.

आठवडा गेला. तिच्या गावच्या दोघींना मी विचारलं तर त्या एकमेकींकडे पाहायच्या. शेवटी मी मेसमध्ये जाऊन कामाठी बाईंना धरलं. त्या डाळ निवडत होत्या.

"आता इचारता? खाऊ घालताना इचाराचं होतं ना मले."

"काय झालंय?"

"गावाचा पंडुम अडला. गावातल्या एका तोंडानं आधी खाल्लं. ते नीट केल्याबिगर गायता दिवस नाई काढत. तोवर कोनीच नवं नाई खात."

"आणि ती?"

"वेगळी जेवते. मांडवाखाली. मारलं-बिरलं नाई कोनी. पन बोलत बी नाई."

मी मनात हिशेब करू लागले. पोळ्यानंतरचे हे दिवस म्हणजे घरातलं जुनं धान्य तळाला गेलेलं असतं. मका, वाल, हलकी कोसरी दारात उभी असते आणि माणसं तिच्याकडे बघत पातळ जावा, म्हणजे पेज, पिऊन दिवस काढतात. मी त्या मुलीला एक कणीस खायला लावून एका अख्ख्या गावाचं ताट अडवलं होतं. ती शाळेत परत येईल की नाही, हा प्रश्न तिचा एकटीचा राहिला नव्हता.

"मी जाते तिथं," मी म्हटलं.

"एकट्या काय बोलाल? झाडाशी?" बाईंनी सूप खाली ठेवलं. "रविवारी मी येते."

रविवारी आम्ही निघालो. दोन नाले ओलांडून, सागाच्या आणि बांबूच्या जंगलातून तीन तासांची पायवाट. बाई पुढे, मी मागे. बाई वाटेत फक्त एकदाच बोलल्या, "तिथी भाषन देऊ नका."

गावात गायता आपल्या अंगणात बांबूच्या कामट्या तासत बसला होता. खूप म्हातारा, अंगावर एक पंचा. मुलीचे वडील आणि चारसहा माणसं येऊन जमली. कुणी रागावलेलं दिसत नव्हतं. मला बाज दिली, पाणी दिलं. ती मुलगी दोन घरं पलीकडे बांबूच्या कुडामागे उभी होती, कडेवर धाकटं भावंड घेऊन. मी हात वर केला. तिनं केला नाही.

गायत्यानं कामटी तासत तासतच विचारलं, बाई मराठीत सांगत होत्या.

"म्हंते, तुमी बी खाल्लं का?"

"हो. आधी मीच खाल्लं."

"जमीन कोनाची व्हती?"

"शाळेची. म्हणजे सरकारची."

बाईंनी ते सांगितल्यावर एक जण काहीतरी म्हणाला आणि सगळे खदखदून हसले. बाईही हसल्या. "म्हंते, मंग सरकारनं पंडुम केला का नाई?"

मी सुद्धा हसले असते. पण पलीकडे कुडामागे कुणी हसत नव्हतं.

मग गायत्यानं काय करायला हवं ते सांगितलं. मी सगळ्यांसमोर सांगावं की कणीस मी दिलं. आणि गावाच्या देवाला एक अंडं ठेवून हात जोडावेत. म्हणजे दिवस काढता येईल.

एक अंडं. एवढंच. तीन तास चालून आलेल्या आणि एका मुलीचं शिक्षण पणाला लागलेल्या कुणालाही ते फार वाटलं नसतं. मला भिंतीवरच्या प्रतिज्ञा दिसत होत्या. त्या मी समजून घेतल्या होत्या, कुणी मला सांगितलं म्हणून नव्हे. देवापुढे हात जोडणं मला खोटं बोलण्यासारखं होतं, आणि या माणसांशी मी खोटं बोलू नये असं मला तिथं बसल्यावर फार जोरानं वाटलं.

"कणीस मी दिलं," मी म्हटलं. "तिला भूक नव्हती. तिनं मागितलंही नव्हतं. मी सगळ्यांसमोर तिला भरीस घातलं, आणि मी तिची मॅडम आहे म्हणून तिला नाही म्हणता आलं नाही."

हे मी आधी ठरवून आले नव्हते. बोलता बोलता ते मला पहिल्यांदा कळलं. पत्रकं पटली म्हणून ती खात नव्हती. माझा शब्द मोडवला नाही म्हणून खात होती. एक हुकूम मोडायला मी तिला दुसरा हुकूम दिला होता, आणि त्याला मी बंड म्हणत उंचवट्यावर जाऊन फोन केला होता.

"पण मी हात जोडणार नाही," मी पुढे म्हटलं. "मी देव मानत नाही. जोडले तर ते खोटे असतील."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "हे मी कशी सांगू?"

"आहे तसं सांगा."

त्यांनी सांगितलं. गायत्यानं कोयता खाली ठेवला आणि पहिल्यांदा नीट माझ्याकडे पाहिलं. त्याचा पुढचा प्रश्न बाईंनी जरा वेळानं मराठीत केला.

"म्हंते, देव नाई तर नाई. मंग खाच्या आधी तुमी कोनाची वाट पायता?"

मी उत्तर शोधलं. वादाचं उत्तर माझ्याजवळ होतं, पण त्यानं वाद घातला नव्हता. "कुणाची नाही," मी म्हटलं.

म्हाताऱ्यानं आणखी काहीतरी विचारलं. या वेळी बाईंनी मला न विचारता परस्पर उत्तर दिलं. माडियात दिलेलं ते दोन शब्दांचं उत्तर ऐकून माणसांनी माझ्याकडे वेगळ्या तऱ्हेनं पाहिलं. मागे येऊन उभ्या राहिलेल्या बायकांमधली एक तर चुकचुकली.

"काय विचारलं त्यांनी?"

"काई नाई."

"बाई, सांगा."

"म्हंते, एकट्याच जेवता का? मी म्हनलं, एकट्याच."

मला त्या क्षणी उठून जंगलात निघून जावंसं वाटलं. माझ्यावर कुणी रागावलं असतं तर मी टिकले असते.

गायत्यानं निकाल दिला तो असा. अंडं मुलीचे वडील ठेवतील. मी हात जोडायचे नाहीत. पण गावाचा पंडुम होईपर्यंत मीही नवं काही खायचं नाही, मका नाही, वाल नाही, भाजी नाही. झालं की ते निरोप पाठवतील. एवढं जमेल का?

"जमेल," मी म्हटलं. थांबण्यात खोटं काही नव्हतं.

आम्ही निघालो तेव्हा कुडामागे कुणी नव्हतं.

शाळेत आल्यावर माझी खरी फजिती सुरू झाली. मेसमध्ये दोडक्याची भाजी होती. हा दोडका नवा की जुना? बाजारातून आला, बाजारात कुठून आला, ते बाईंना माहीत नव्हतं, ड्रायव्हरला माहीत नव्हतं. एटापल्लीच्या आठवडी बाजारात मी भाजीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मॅडम, घ्याचं आहे का चौकशी कराची आहे?" अन्न कुठून येतं ते शिकवायला निघालेल्या मला माझ्या ताटातल्या एकाही गोष्टीचं गाव सांगता येत नव्हतं. मी जुना तांदूळ, जुनी तूरडाळ आणि बटाटे यांच्यावर आले. बटाट्यांबद्दलही मला खात्री नव्हती. पण कुठंतरी थांबायला हवं होतं.

टाकीजवळच्या उंचवट्यावर जाऊन मी वडिलांना फोनवर सगळं सांगितलं.

"तू तिथी पोरायले शिकवाले गेली का देव पाळाले?"

"देव पाळत नाही, बाबा. वाट पाहून राह्यली."

"कोनाची?"

फोन त्यांनी ठेवला की रेंज गेली, कळलं नाही. मी परत लावला नाही, त्यांनीही लावला नाही. पत्रकं मी पेटीतून काढून उशाशी ठेवली. ती मला खोटी वाटत नव्हती, आजही वाटत नाहीत. पण त्यांत हे कुठं बसवायचं, ते मला सापडत नव्हतं. ही प्रथा म्हणजे समताच आहे, कुणी आधी खात नाही, असा एक सोपा अर्थ मी लावून पाहिला. मग लक्षात आलं की गायता असं काही म्हणालाच नव्हता. हे मीच त्याच्या तोंडी घालत होते, कारण तसं झालं की मला ते पचलं असतं.

परसबागेतला मका आम्ही तोडला नाही. ताटं पिवळी पडली, कणसांवरची सालं कागदासारखी झाली. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, हिरवं असताना फोटो काढून घ्यायचे होते." पोपट उडवायला पाळी लावणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून चारच्या सुमाराला मीच डबे वाजवत उभी राहायचे. पायरी रिकामी असे.

पण एक होऊ लागलं. सुट्टीच्या दिवशी घरी जाऊन आलेली एखादी मुलगी कुंपणापाशी थांबायची आणि म्हणायची, "मॅडम, आमचं झालं." म्हणजे त्यांच्या गावाचा पंडुम झाला. मी वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यात गावांची नावं लिहिली होती, त्यातलं एक पुसायचे. मग दुसरी यायची. हे मी त्यांना करायला सांगितलं नव्हतं. मी थांबलेय हे कामाठी बाईंनी त्यांना कधी सांगितलं, तेही मला ठाऊक नाही. मुली एवढंच सांगायच्या आणि निघून जायच्या. दिवाळीपर्यंत फळ्यावर एकच नाव उरलं, तिच्या गावाचं.

दिवाळीला सगळे गेले. मी घरी गेले नाही. रिकाम्या आवारात रोज कणसं बघून यायचे आणि बटाटे उकडायचे.

शाळा उघडली त्या दिवशी तिच्या गावच्या दोघी आल्या. "झालं," एकीनं सांगितलं.

"आणि ती?"

"धान कापून राह्यली."

"येईल का?"

तिनं खांदे उडवले. मी फळ्यावरचं शेवटचं नाव पुसलं नाही. मुली माझ्याकडे बघत होत्या. आता खायला मोकळीक होती, त्यांना आणि मला. ती येईपर्यंत मी कणसं तशीच राहू दिली.

नवव्या दिवशी ती आली. वडिलांच्या सायकलवर मागे बसून, पिशवी मांडीवर घेऊन. वडील फाटकाबाहेरूनच वळले. ती माझ्यासमोरून गेली, "नमस्ते मॅडम" म्हणाली, आणि सरळ परसबागेत गेली. तिच्या हातावर विळ्याचे ओरखडे होते. तिनं एकेक कणीस मोडून काढलं, साल मागे ओढून दाणे पाहिले, आणि चांगली भरलेली कणसं जोडी-जोडीनं बांधून वसतिगृहाच्या वाशाला टांगली. ते पुढच्या पेरणीचं बियाणं. ती सांगत नव्हती, पण मला कळलं की उन्हाळ्यानंतरही इथं पेरायचं आहे असं ती धरून चालली आहे.

उरलेल्या कणसांचे दाणे कामाठी बाईंनी भरडून दिले. रविवारी मुलींनी तीच तीन दगडांची चूल मांडली आणि घट्ट जावा शिजवला. मी लांबच उभी होते. या वेळी मी कुणाला बोलावलं नव्हतं. पानांचे द्रोण तिनंच भरले. लहान मुलींना, मग मोठ्यांना, बाईंना, आणि सगळ्यांत शेवटी एक द्रोण घेऊन ती माझ्याकडे आली.

मी तो घेतला. ती परत जाऊन आपल्या जागी बसली, आपला द्रोण पुढ्यात ठेवला आणि माझ्याकडे पाहू लागली. बाकीच्याही पाहू लागल्या. द्रोण हाताला चटके देत होता. मी खाली बसले, तो समोर जमिनीवर ठेवला, आणि हात मांडीवर घेतले.

मग तिनं नजर काढून घेतली आणि पहिला घास घेतला. एकेक करून सगळ्यांनी. मी त्यांच्यानंतर. दाणे फार वाळल्यामुळे जावा खरखरीत झाला होता आणि मीठ कमी पडलं होतं. मुली माडियात काहीतरी बोलत होत्या, मी तिथं असूनही. मला एक अक्षर कळलं नाही.

चार वाजता मी पायरीवर पत्रकं ठेवली. त्या दिवशी ती आली नाही. सोमवारीही नाही. मी पत्रकं रोज ठेवते, आणि अंधार पडायच्या आत उचलून घेते.